शनिवारची वाचलेली फेरी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. आमच्या बिअर कंपनीचे मालक ऋतुराजसर यांचा पुण्याहून फोन. होटगीची ब्रुअरी आणि सोलापुरातला पब, दोन्हींचा मिळून कार्बन मार्चअखेर तीस टक्के खाली आणा, लगेच पुण्याला बदली. मी आजपासून सस्टेनेबिलिटी मॅनेजर. कार्डं छापायला टाकली. दोन्ही बाजूंनी छापा म्हटलं, कागद वाचतो.

बायको दिपाली आणि मुलगी संस्कृती पुण्यात. एकीची शाळेत नोकरी, दुसरीची सहावी. मी दर शनिवारी कंपनीच्या गाडीने जातो, रविवारी परत. संस्कृतीला फोनवर सांगितलं, एप्रिलपासून बाबा रोज घरी. ती बरं म्हणाली.

१२ नोव्हेंबर
बिअर काढल्यावर उरलेला माल्टचा चोथा खड्ड्यात कुजतो, त्याचा गॅस होतो. तो शेजारच्या जोतीरामच्या शेळ्यांना द्यायचा. एका फटक्यात प्रश्न मिटला. जोतीराम म्हणाला, लई ब्येस, पन शेरडास्नी गोडी लागली की रोज येत्याल. म्हटलं, येऊ देत की.

२४ नोव्हेंबर
गेटच्या दोन्ही बाजूंना कडुनिंबाची दोनशे रोपं. मुद्दाम कडुनिंब. कडू असतो, शेळ्या तोंड लावत नाहीत. मी माळशिरसचा, शेतकऱ्याचा मुलगा, एवढं कळतं. पाण्याला मार्चपर्यंत टँकर लावला. टँकरचं डिझेल आपल्या हिशेबात धरायचं नाही, टँकर दुसऱ्याचा आहे.

२ डिसेंबर, सकाळी
चोथ्याला उशीर झाला. शेळ्या गेटवर थांबल्या होत्या.

शेळ्यांना कडुनिंब आवडतो.

जोतीराम म्हणाला, लिंबाचा पाला म्हंजी त्यास्नी सणच की. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. 'वृक्षलागवड पूर्ण' असं हेड ऑफिसला कळवलं. लागवड झालीच होती, खोटं काय त्यात?

२० डिसेंबर, शनिवार
दिपालीचा फोन. आज नका येऊ म्हणाली, संस्कृतीच्या मैत्रिणी राहायला येणार आहेत, घरात जागा होणार नाही. दुपारी पडल्या पडल्या एकदम डोक्यात आलं, जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरचं डिझेल वाचलं! हे आधी का सुचलं नाही? नवीन उपक्रम: प्रवास कपात. सुरुवात स्वतःपासून.

१७ जानेवारी, शनिवार
पबमधले फ्रिज कमी थंड केले. टेबलांवर पाट्या ठेवल्या, 'पृथ्वीसाठी थोडी कोमट'. एका गिऱ्हाइकाने विचारलं, ओ, ही बिअर हाय का काढा? दुसरा म्हणाला, मग सुंठ तरी घालून आना की. साडेआठपर्यंत सगळे समोरच्या परमिट रूमला. शेवटी आमच्या पबच्या मॅनेजरने, अभिमन्यूने, टेम्पो भरून बर्फ मागवला. फ्रिज पुन्हा पहिल्यासारखे. लोकांची अजून तयारी नाही.

प्रयोगासाठी थांबणं गरजेचं होतं म्हणून पुण्याला गेलो नाही. दिपाली म्हणाली, बरं. फेरी वाचली.

१४ फेब्रुवारी, शनिवार
बॉयलरला कोळशाऐवजी ब्रिकेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या विटा. यात चुकायला जागाच नव्हती. पण टँकर अजून येतो. झाडं नाहीत, करार आहे. त्याने पाणी ब्रिकेटच्या गोण्यांपाशी सोडलं. ओल्या ब्रिकेटचा धूर होटगी स्टेशनापर्यंत गेला. कँटीनची बसव्वा पदर नाकाला लावून आली आणि म्हणाली, साहेब, ह्ये धूर कमी करायचं काम कदी संपनार हाय? कोळसा परत चालू.

पुण्याला गेलो नाही. या म्हणून फोन नव्हता, येत नाही म्हणून मीही केला नाही. वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. जेवलो, झोपलो. फेरी वाचली.

३० मार्च
काल संस्कृतीचा वाढदिवस. व्हिडिओ कॉल लावला तोवर केक कापून झाला होता. उंच झालीये, की फोन खाली धरला होता, कळलं नाही.

१ एप्रिल
ऋतुराजसरांचा फोन. झाडं शून्य. बॉयलरचा आकडा वर, पबचाही वर. पण प्रवासात कमाल केलीत म्हणाले, सगळ्या ऑफिसांना तुमचं उदाहरण देणार आहे. बदलीचं विचारलं. म्हणाले, टार्गेट कुठे झालं? आणि असा माणूस सोलापुरातच हवा. शिवाय गाडी तुम्ही वापरतच नाही, ती पुण्याला पाठवून द्या.

मी थँक यू म्हणालो.

४ एप्रिल, शनिवार
ड्रायव्हर भारत गाडी घेऊन निघाला. म्हणाला, साहेब, मोकळीच चाललीय की गाडी. बसा, घरला सोडतो.

दिपालीला फोन लावला. तिने विचारलं, आज कशाला, इकडे काही काम होतं का? म्हटलं, नाही, सहज.

भारतला सांगितलं, एका माणसाच्या वजनाने डिझेल जास्त लागतं.

गाडी गेली. शेळ्या आल्या होत्या, त्यांना चोथा घालायला सांगितला. फेरी वाचली.