सत्त्याण्णवनंतरचे आकडे

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणतो खरा, पण महिनाभर वाकायला मनाई आहे, तेव्हा उभ्यानेच घे.) तुझे गुडघे, भाचीचा राग आणि नातीचे दात कुठवर आले ते कळव. माझं छान चाललंय. हर्नियाचं ऑपरेशन झालं. तू यायची मुळीच गरज नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रात्रीपासून उपाशी राहायला बजावलं होतं. सकाळी मी दोन बिस्किटं खाल्ली. (बिस्किट म्हणजे काय खाणं झालं?) बाईंनी विचारल्यावर साळसूदपणे "काही नाही" म्हणालो, पण मिशीतल्या चुऱ्याने चुगली केली. भुलीत गिळणं-खोकणंही थांबतं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, असं खडसावून बाईंनी मला घरी पिटाळलं.

पुढच्या खेपेला खरंच उपाशी गेलो. बाई म्हणाल्या, "काका, ही झोप नव्हे हं." एका औषधाने शुद्ध जाते, दुसऱ्याने दुखणं दबतं, तिसऱ्याने अंग इतकं सैल पडतं की श्वासही यंत्राने द्यावा लागतो. मेंदू असतो जागच्या जागी, फक्त त्याच्या भागांचं आपसातलं बोलणं तुटतं. (तू लेकीकडे राहायला गेल्यापासून सहा वर्षं माझ्या घरातही कुणी कुणाशी बोलत नाही. मी एकटाच आहे म्हणा.)

मग त्यांनी शंभरापासून उलटं मोजायला सांगितलं. सत्त्याण्णव म्हटलं आणि लगेच कुणीतरी गालावर थोपटत म्हणालं, "झालं, उठा." चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि माझेच दोन तास दिवसाढवळ्या गायब! झोपेतून उठल्यावर वेळ गेल्याचं निदान कळतं तरी. इथे स्वप्न नाही, कूस बदलणं नाही. नळीने घसा खरवडलेला, अंगात हुडहुडी. दात वाजायला हवे होते, पण ते डबीत होते.

सिस्टर सांगत होत्या, शुद्धीवर येताना मी एकच घोकत होतो: "ताई, तुझ्यावर राज्य आहे. शोध की!" सगळा वॉर्ड हसला म्हणे. तुला आठवतं? मी गाद्यांमागे लपलो आणि तिथेच झोपलो, तू संध्याकाळपर्यंत रडत शोधत होतीस. सापडल्यावर आधी धपाटा घातलास, मग पोटाशी धरलंस. ताई, तुझी फार आठवण येते. हे पूर्ण शुद्धीत लिहितोय.

तुझा,
धाकटा

ता. क. हर्नियाची डावी बाजू राहिलीय. पुढच्या महिन्यात, बारा तारखेला सकाळी. मागच्या खेपेला फॉर्मवर वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने सही केली आणि 'रुग्णाशी नातं' या रकान्यात लिहिलं, 'वरचा मजला'.

आणखी एक ता. क. तू यायची गरज नाही, असं वर लिहिलंय ना, ते त्या बिस्किटांच्या वेळच्या "काही नाही"सारखंच समज. सत्त्याण्णवपर्यंत मी मोजेन. पुढचे आकडे तू मोज, आणि शोधायला ये.