तातडीच्या यादीत

३ जून

ती. बाबांना सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया पुढे गेली. साथीमुळे अतिदक्षता विभागात खाटा नाहीत; फक्त तातडीचे रुग्ण घेतोय. कुणाला थांबवायचं ते ठरवणाऱ्या बैठकीत तुमचं नाव आलं तेव्हा मी उठून बाहेर गेले.

काल एक शिक्षिका आली, छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटलेली. चाचणीचा अहवाल यायला चार तास, आणि तिच्याकडे तेवढे नव्हते. लागण आहेच असं धरून चाललो. श्वासनळीत नळी घालताना लागणीचा धोका सर्वांत जास्त, म्हणून आत भूलतज्ज्ञ आणि एक मदतनीस, दोघंच. आम्ही बाकीचे बंद दाराबाहेर वीस मिनिटं ताटकळलो. मग छाती उघडली. ती वाचली. अहवाल लागणीचाच निघाला. आता सात दिवस मी एका खोलीत एकटी.

दम लागला, चक्कर आली, तर लपवू नका.

तुमची थोरली

९ जून

चि. थोरलीस अ. आ.

'अतिदक्षता' शुद्ध लिहिलंस, नवल आहे! जन्मभर मुद्रितं तपासणाऱ्याच्या पोटी तुझ्यासारखी आली. तू उठून गेलीस ते योय केलंस. माझी काळी करू नकोस, मी ठणठणीत आहे. त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

बाबा

१२ जून

ती. बाबांना सा. न.

'योग्य'मधला ग गेला, 'काळजी'तला ज गेला. तुमच्या हातून? मी धाकट्याला फोन केला. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाला, तुम्ही न्हाणीघरात बेशुद्ध पडलात आणि मला न सांगायची त्याला शपथ घातलीत. बाबा, मी फार चिडले आहे आणि लिहिताना रडते आहे.

बैठकीत एवढंच सांगितलं आणि पुन्हा बाहेर गेले. तातडीच्या यादीत तुम्हाला इतरांनी घातलं. शस्त्रक्रिया माझे वरिष्ठ करतील. मी आत नसेन. भिऊ नका, त्या शिक्षिकेपासून आमच्यातल्या कुणालाही लागण झाली नाही. रुग्णवाहिकेबरोबरच हे पत्र पाठवते. मुकाट्यानं बसा.

थोरली

२० जून

चि. थोरलीस अ. आ.

शुद्धीवर आलो तर सगळे नखशिखांत झाकलेले. कपाळावर हात ठेवणारीला तूच समजलो. ती म्हणाली, मी परिचारिका, तुमची मुलगी काचेपलीकडे आहे. मान वळवता येईना, म्हणून नुसतं बोट हलवलं. दिसलं का?

ही खाट माझ्या आधी कुणाची होती, असं मी तिला विचारलं. ती चादर नीट करत राहिली. पुन्हा विचारलं नाही. तू रोज हेच घेऊन घरी जात होतीस, आणि मी तुझं शुद्धलेखन तपासत होतो.

परवा वॉर्डात हलवतील, एकाला भेटू देतील म्हणतात. तू ये. लोभ काचेपलीकडून पोचला. आता जरा जवळून असू दे.

तुझा बाबा