हाताचा रकाना

माय, आज एका रकान्यावरून भांडून आले. भांडण म्हटलं की तू आधी विचारशील, "कुणासंगं? आन् जेवलीस का?" जेवले. आणि भांडले ते पडद्यावर दिसणाऱ्या माणसांशी. आमचे मोठे सर बेंगळुरूला, दोघं पुण्याला, आणि मी इथे नांदेडला, डोक्यावर कुरकुरणारा पंखा घेऊन. रेशनकार्डावर नाव, वय लिहायला चौकटी असतात ना, तशा एका चौकटीसाठी शिकलीसवरलेली माणसं सकाळभर हुज्जत घालतात, हे ऐकून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. मलाही मधेच हसू येत होतं. पण मी हटले नाही. तोंडाळपणा कुणाचा घेतलाय म्हणून विचारशील, तर तुझा नक्कीच नाही. बापाचा, म्हणजे दादांचा असेल.

मी काय काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी बारावीला होते आणि घरातल्या सगळ्यांनी मला मनातल्या मनात डॉक्टर करून टाकलं होतं. डॉक्टर काही झाले नाही. संगणक शिकले, फिरत फिरत नांदेडला आले, आणि आता मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांची माहिती नीट लावून ठेवते. नांदेड-लातूरकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचे फोटो निघतात, स्मरणशक्तीच्या चाचण्या होतात, झोपेच्या नोंदी होतात. नुसता फोटो काही बोलत नाही. तो कुणाचा, वय काय, कोणत्या यंत्रावर काढला, माणसाची भाषा कोणती, हे सोबत लिहिलेलं असेल तरच तो दुसऱ्या गावच्या माणसाच्या कामाचा. या सोबतच्या माहितीला मेटाडेटा म्हणतात, आणि ती कोणत्या रकान्यात कशी लिहायची याच्या आराखड्याला स्कीमा. आमचा आराखडा तुकड्यातुकड्यांचा आहे. एक गाभा, तो सगळ्यांनी भरायचाच. त्याला जोडायला वेगवेगळी मॉड्यूल्स, झोपेवाल्यांनी झोपेचं घ्यावं, स्मरणशक्तीवाल्यांनी त्यांचं. ऐकायला रुक्ष आहे आणि करायलाही रुक्षच आहे, पण मला आवडतं. डब्यावर एक नाव आणि आत दुसरंच असलं की काय होतं, हे मी लातूरच्या आपल्या खोलीत बघितलेलं आहे.

ती खोली मला अजून भिंतीच्या पोपड्यांसकट आठवते. मी बारावीच्या क्लासला, आणि तू माझ्या जेवणाचे हाल नकोत म्हणून चाकूरकडचं घरदार दादांवर आणि आजीवर टाकून आलेली. त्या गल्लीत प्रत्येक खोलीत एक पोरगं पुस्तकात आणि एक माय चुलीशी, म्हणजे गॅसशी. तू स्टीलचे आंदणातले डबे आणले होतेस, नावं कोरलेले. मीठ स्टीलला खातं म्हणून मीठ ओट्याखाली बरणीत, आणि 'मीठ' कोरलेल्या डब्यात धुण्याचा सोडा. मी म्हणाले, "अगं, कुणी फसंल ना." तू म्हणालीस, "मला ठावं हाय की. इथं दुसरं कोण येतंय रांधायला?" आणि परातीवर वाकून भाकरी थापायला लागलीस. डाव्या हातानं. मी बघतच राहिले, कारण गावाकडे कधी तुला तसं पाहिलं नव्हतं. गावाकडच्या भाकरीला एक कड जाड असायची आणि आजी रोज त्यावरून बोलायची. इथली भाकरी चंद्रासारखी गोल, टम्म फुगलेली. तू म्हणालीस, "लहानपणी डाव्यानं घास उचलला की माझी आजी हात पदराला बांधून ठिवायची. मग शिकले उजव्यानं. सासरी तर डाव्यानं वाढलं तर ताटच सारतील. हितं कोण बघून राहिलंय?" आणि हसलीस. मला ती गंमत वाटली. तुझं ते सगळ्यात सुखाचं वर्ष होतं असं मला आज वाटतं, आणि ते एक वर्षही पुरं झालं नाही.

तुला लकवा झाला त्या सकाळी मी क्लासला गेले होते. क्लास सुटल्यावर निरोप मिळून दवाखान्यात पोचले तेव्हा दादा आधीच आलेले, गुडघ्यापर्यंत चिखल भरलेल्या पायांनी तसेच उभे. तुझी डावी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. डॉक्टर जरा चक्रावले. म्हणाले, डावी बाजू गेली की बोलणं सहसा राहतं, बाई डावखुऱ्या आहेत का? दादा दुखावल्यासारखे झाले. "न्हाई न्हाई साहेब, उजव्याच हायत. आमच्यात तसलं कुणी न्हाई." डॉक्टरांनी विचारलं, "जेवतात कोणत्या हाताने?" दादा म्हणाले, "उजव्यानंच की." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी थर्मास धरून शेजारी उभी होते, आणि मला विचारलं असतं तर मीही उजवाच सांगितला असता. आपल्याकडे हात म्हणजे जेवायचा हात. परातीवरच्या हाताचा मेंदूशी काही संबंध असतो हे त्या खोलीत फक्त डॉक्टरांना माहीत होतं, आणि परात त्यांनी पाहिली नव्हती. याचं ओझं घेऊन मी फिरत नाही. औषधं तीच दिली असती, हे मी पुढे विचारून घेतलंय.

मला सलतं ते वेगळंच. तुला खोलीवर आणल्यावर व्यायाम करून घेणारे एक गृहस्थ यायचे. ते तुझ्या चांगल्या हातात, म्हणजे उजव्या हातात पेन्सिल द्यायचे आणि म्हणायचे, बोलता येत नाही तर लिहून दाखवा. तू चौथी शिकलेली, उजव्यानं सही करतानाही तुला घाम फुटायचा. कागदावर नुसत्या रेघोट्या उठायच्या. कदाचित बोलण्याबरोबर लिहिणंही गेलं असेल, ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण तुझा भाकरी थापण्याचा खरा हात मांडीवर मेल्यासारखा पडलाय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं, समज कमी झालीय. झालं. त्या दिवसापासून तुझ्या खाटेच्या अल्याडपल्याड माणसं एकमेकांशी बोलायला लागली. तू तिथे नसल्यासारखी. दादांनी दुसरं लग्न करावं का, इथपर्यंत. तुझ्या उशाशी बसून. माय, त्या माणसांचा मला आजही संताप येतो, आणि त्यातले बहुतेक चांगले होते.

निलंग्याहून मावशी आली होती तुझं करायला. एक दिवस आमटी गॅसवर, चिंचेचं पाणी घातलेलं, आणि मावशी मीठ शोधतेय. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन. मावशीनं 'मीठ' कोरलेला डबा उचलला आणि तू खाटेवरून आवाज करायला लागलीस, उजवा हात जोरजोरानं हलवायला लागलीस. मावशी म्हणाली, "पानी पायजे का अक्का? देते हं, जरा दम धर." आणि चमचाभर घातलं आमटीत. आमटी अशी फसफसून उठली की गॅस विझला, ओटा भरला, मावशी "अगं बया" करत मागे सरली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत होतीस. तोंडाची एकच बाजू वर गेलेली, डोळ्यांतून पाणी, आणि पोट हलतंय. समज गेलेलं माणूस असं हसत नाही. मी दादांना सांगितलं, त्या व्यायामवाल्यांना सांगितलं. ते मायेनं म्हणाले, तसं वाटतं बेटा, चेहऱ्याचे स्नायू असतात. येळवस अमावास्येला आंबील-भज्जी घेऊन रानात पूजेला जायची सगळ्यांची तयारी चालली होती, त्याच्या आधीच तू गेलीस.

आता आजच्या भांडणाचं. आमच्याकडे माहिती गोळा व्हायला लागली तेव्हा पहिल्यांदा संगणकानंच बोंब मारली, इतक्या माणसांचा जन्म एकाच दिवशी कसा? सगळे एक जूनचे. पुण्याची माणसं घाबरली, काहीतरी चुकलंय म्हणाली. मी म्हटलं, चुकलं काही नाही, शाळेत घालताना मास्तरांनी जी तारीख टाकली ती. मग आम्ही 'तारीख अंदाजे' असा रकाना केला. ते सगळ्यांना पटलं, हसून पटलं. पण त्याच कागदांत आणखी एक गोष्ट होती आणि ती कुणाला खटकली नाही. आमच्या म्हाताऱ्यांत एकही डावखुरा नव्हता. सर म्हणाले, छान, नोंदी स्वच्छ आहेत. मला काही ते पटेना. नोंदी घेणारी आमची पोरगी नांदेडच्या जुन्या शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान घरातली, तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मी इचारते कोणत्या हातानं काम करता, ते म्हणतात उजव्या. आमच्या अब्बांना इचारा, तेबी उजवाच म्हणतील. कैची डाव्यात धरतात. पन खाना सीधे हातसेच, मग काय सांगतील?"

म्हणून मी तिच्याबरोबर चाकूरकडच्या एका गावात गेले. ओसरीवर एक आजीबाई तूर निवडत बसल्या होत्या. पोरीनं विचारलं, हात कोणता? आजी म्हणाल्या, "उजवा की. डाव्यानं कोन करतंय बाई?" आणि डावा हात सुपात भराभर चालला होता, खडे वेचून टाकत. मी थोडा वेळ त्यांच्याबरोबर तूर निवडली. मग विचारलं, "आजी, ल्हानपनी कुनी हात बदलवला का तुमचा?" त्यांचा हात थांबला. दाराकडे एकदा पाहिलं त्यांनी, सून आत आहे ना याची खात्री केली. मग हळूच म्हणाल्या, "तुला कुनी सांगितलं गं?" इतकी वर्षं झाली तरी लपवण्यासारखं वाटत होतं त्यांना. मला तिथेच रडू आलं, आणि पोरगी बिचारी माझ्याकडे बघत राहिली.

सकाळी मी हेच मांडलं. हाताचा एक रकाना पुरत नाही. वापरातला हात वेगळा, जन्माचा वेगळा, आणि बदलवला होता का हे तिसरं. सर म्हणाले, चांगली कल्पना आहे, वेगळं मॉड्यूल करा, ज्याला हवं तो जोडेल, गाभा आटोपशीर राहू द्या. मी म्हटलं, सर, ऐच्छिक म्हणजे कुणी भरत नाही. बोलण्याची जागा मेंदूत कुठे असते ते आपण याच हातावरून ताडून बघतो, आणि आमच्या भागात तो हातच खोटा लिहिला जातोय. पुण्याचा एक म्हणाला, हे मराठवाड्याचंच फार घेऊन बसलात तुम्ही. तेव्हा मात्र माझा आवाज चढला. म्हटलं, पोराचा हात पदराला बांधणारी आजी तुमच्याकडे नव्हती का? विचारा घरी. शेवटी सर म्हणाले, ठीक आहे, तिन्ही गाभ्यात. बाकीचा तपशील मॉड्यूलमध्ये. मी सगळी कारणं शास्त्राची दिली. तुझं नाव काढलं नाही. काढलं असतं तर म्हणाले असते, बाई भावनेच्या भरात बोलतायत, आणि रकाना गेला असता.

आराखड्यासोबत एक भरलेली नमुना नोंद द्यावी लागते, म्हणजे पुढच्याला कळतं कुठे काय लिहायचं. ती मी दुपारी भरली. स्त्री. जन्मतारीख अंदाजे. भाषा मराठी, माहेरची कानडीही समजते. वापरातला हात उजवा. जन्माचा हात डावा. बदलवला होता का: हो, लहानपणी, घरी. सरांचा फोन आला, "नोंद कुणाची आहे ही? खऱ्या माणसाची माहिती नमुन्यात नको." मी म्हटलं, "काल्पनिक आहे सर." एवढं एक खोटं बोलले, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. हे पत्र कुठे धाडणार? राहील माझ्यापाशीच. नमुन्यातले शेवटचे दोन रकाने तेवढे राहिले होते, ते तुला लिहिता लिहिता भरले. दुसऱ्याचं बोलणं समजतं का: हो. कशावरून: आमटी उतू गेली तेव्हा हसली.