प्लामेनचा दगड

प्रिय आई,

तुझी नेवेना कोम शिखरापासून सगळी डोंगररांग चालत समुद्रापाशी सुखरूप पोहोचली. पाय बरा आहे. संध्याकाळी जरा सुजतो, इतकंच. बाबांचा खोकला कमी झाला का?

गेल्या वर्षी याच वाटेवर पाय मुरगळला तेव्हा तुझा लाडका भाचा प्लामेन मला अर्ध्या वाटेत सोडून गेला. वाट संपली की समुद्रात टाकायचा म्हणून रिवाजाप्रमाणे कोमवर उचललेला माझा दगडही घेऊन गेला. म्हणाला, "तुझ्या वतीनं मीच टाकतो. काय फरक पडतो?"

यंदा सोबती हवेत म्हणून गिर्यारोहक मंडळाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, तर पहिला हाच हजर. मी मुद्दाम घेतला. सगळ्यांहून मोठा, मुठीएवढा दगड मिरवत चालला आणि शेवटच्या गावात त्याचा गुडघा धरला. मी हात पुढे केला. "आण, तुझ्या वतीनं मीच टाकते. काय फरक पडतो?" त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस.

मी फक्त माझाच टाकला. त्याचा या पार्सलात आहे. यंदाचा कोबी पिंपात खारवशील तेव्हा वर दाबायला हाच ठेव.

नाताळात तो जेवायला येईलच. त्याला कोबी दोनदा वाढ. दगड कुठे आहे ते मी मग सांगेन.

तुझीच,
नेवेना