रानक्लोव्हरची गंजी

नॉर्थ डकोटा, २ मार्च १९२५

प्रिय रागना,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. सगळे सुखरूप आहेत, काल तर तपकिरी गाय व्यायली. वासराची नाळ तुटली, पण रक्त लगेच थांबलं. टोर्वाल्डने गोठ्यातच वासराला कोरडं पुसून काढलं. आम्ही नवराबायको दोघं हसलो, मग रडलो.

रक्त थांबलं याचं एवढं काय, असं तुला वाटणार नाही. तुझ्या नवऱ्याने, हाल्वोरने, आमच्या कालवडींची शिंगं कापली आणि दोन कालवडी रक्त वाहून मेल्या, तो दिवस तू विसरली नसशील. “करवतीला काय फासलं होतंस? माझा गोठा बघवत नव्हता तुला!” असं टोर्वाल्ड अंगणभर ओरडला. हाल्वोरने करवत पुसली आणि तो घरी निघून गेला. वसंतात तुम्ही शेजारचं घर सोडून मोंटानाला गेलात.

यंदा जानेवारीत पांढऱ्या गाईला तारेचा ओरखडा उठला, बोटभरसुद्धा नाही. तरी ती दुपारपर्यंत गेली. तिला तर कुणी हातही लावला नव्हता! टोर्वाल्डने गावातून गुरांचा डॉक्टर आणला. त्याने विचारलं, “खायला काय घालता?” आम्ही घालत होतो रस्त्याकडेला वाढणारा तो पांढऱ्या फुलांचा चारा, रानक्लोव्हर; त्या दोन कालवडींनाही तोच घातला होता. आम्ही पेरला तेव्हा सगळे म्हणत होते, टोर्वाल्ड तण पिकवतोय. डॉक्टरने गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि काळी, बुरशी आलेली मूठ बाहेर काढली. “हे तुमचं विष. ओला रचलात, आत कुजला. असा क्लोव्हर खाल्ला की रक्त गोठत नाही. आम्हालाही अलीकडेच कळलंय.”

त्या दिवसापासून गुरांना माळावरचं साधं गवत घातलं, गंजी जाळून टाकली. पण गाय वीत नाही तोवर माझा जीव टांगणीला होता.

रागना, त्या दिवशी मी पिठाच्या हातांनी दारात उभी होते. हाल्वोर असं करणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिले. ते माझ्याकडून झालं.

पत्र आजच टाकतेय, कारण शनिवारच्या गाडीने टोर्वाल्ड तुमच्याकडे यायला निघतोय. मी सांगितलं नव्हतं, स्वतःच ठरवलं त्याने. माफी मागायची त्याला सवय नाही. तो दारात उभा राहून थंडीबद्दल, गव्हाबद्दल काहीतरी बोलत राहील. हाल्वोरला सांग, त्याचं बोलणं संपायची वाट बघू नकोस. त्याला आत घे.

तुझीच,
बोर्गिल्ड