सम्झनाचा वर्ग

२३ जून, सोमवार
झालं ते असं.
१. धाकट्या बहिणीला, सम्झनाला, म्हसावदच्या शाळेत घातलं. पहिली ते दहावी एकच शाळा, मीही इथलीच. आजी गेली म्हणून ती गेल्या महिन्यात नेपाळहून आमच्याकडे आली.
२. तिचा तिकडचा सातवी पासचा दाखला दिला. त्यावर जन्म २०६८, कार्तिक. नेपाळात विक्रम संवत चालतो. सत्तावन्न वजा केले की २०११.
३. ऑफिसातल्या बाबूंना वाटलं, छापायची चूक. मला न विचारता २०१८ केलं.
४. त्या हिशेबाने ती सात वर्षांची.
५. आज तिला दुसरीत बसवलं.

ती वर्गात शिरली तर पोरं उठून उभी राहिली. एका सुरात, नमस्ते बाई. तिने सांगितलं तेव्हा मला हसू आलं. तिला नाही.

२४ जून
आज कामावर मला ब्राह्मणपुरीला एका शेतात सोलर पंप बसवायचा होता. उशिरा येते असं कळवून आधी शाळेत.
बाबू गोड बोलले. "ताई, आते कॉम्प्युटर घेत नही, मी काय करू?" दुरुस्ती पुढच्या वर्षी, म्हणे. स्क्रीन माझ्याकडे वळवायला लावला. दुरुस्ती होते. मुख्याध्यापकांची मंजुरी लागते, बस.
मु.अ. म्हणाले, पोरीला मराठी येत नाही, दुसरीत पाया पक्का होईल. मी म्हटलं, सर, अक्षरं तीच आहेत, ती लहानपणापासून लिहिते. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असा कायदा आहे, तेही सांगितलं. त्यावर:
"तुलाही दोन वर्षं मागे बसवलं होतं. तुझा बाप एक शब्द बोलला नाही."
"म्हणून मी बोलतेय."
तिथून थेट ब्राह्मणपुरीला. पंपाची वायरिंग एका दमात झाली.

२७ जून
बा रात्री बाजारपेठेत गस्त घालतात. ज्या शेटजींच्या दुकानांवर पहारा, तेच शाळेच्या संस्थेवर. त्यामुळे बांचं एकच: गप्प राहा, आपण बाहेरचे.
सुरतचे काका १३ जुलैला येणार. शाळा जमत नसेल तर सम्झनाला घेऊन जातो म्हणतात. तिथे एका घरी बाळ सांभाळायला पोरगी हवी आहे. बांना ते सोपं वाटतं.
सम्झना ऐकत होती. भांडी घासत राहिली. तीच ती कढई, परत परत.
नाही जाणार ती.

३० जून
शेटजींच्या दुकानात गेले. बांना न सांगता.
विचारलं, दिवाळीला वहीपूजन केलंत तेव्हा वहीवर साल कोणतं घातलं? २०८१, म्हणाले. मग २०६८ यायचंय की होऊन गेलं? खो खो हसले. आमच्या बाबूला एवढंही कळत नाही का, म्हणाले. चहा मागवला. मु.अ.ना एक फोन कराल का, असं विचारल्यावर हसणं थांबलं.
"बेटा, बहादूरला विचारून आलीस का?"
बांचं नाव बहादूर नाही. इतकी वर्षं झाली, कुणी विचारलेलं नाही. मी सांगितलं, त्यांचं नाव टेकराज. शेटजींनी कप खाली ठेवला. फोन करतो म्हणाले नाहीत, करत नाही असंही नाही.

३ जुलै
सम्झना आज आपणहून आठवीत जाऊन बसली. मी सांगितलं नव्हतं.
गणिताच्या सरांनी उठवलं नाही. उदाहरण घातलं, तिने फळ्यावर सोडवलं. मग मु.अ. आले. चल, आपल्या वर्गात. ती जागची हलली नाही.
"मी इथेच बसणार."
अख्खं वाक्य, मराठीत. घरीसुद्धा अजून असं बोललेली नाही.
हे मला बाबूंनी फोन करून सांगितलं. वैतागले होते, पण पुरते नाही. "तुन्हीच बहीण शे." तुझीच बहीण, म्हणे.
दुसरीत गैरहजर. आठवीत नाव नाही. आज ती शाळेत होती, असं कुठेच नोंदलेलं नाही.

४ जुलै
शेटजींनी बांना काही विचारलेलं दिसत नाही. किंवा विचारलं असेल, बा सांगत नाहीत.
अर्ज लिहिला. बांनी दोनदा वाचला, सही न करता परत दिला. फाडला नाही. पालकाच्या जागी मी सही केली आणि खाली लिहिलं, थोरली बहीण.
मु.अ. म्हणाले, अशाने काही होत नसतं. मी म्हटलं, पोच द्या. दिली.
शेवटचा भाग उतरवून ठेवते:

"जन्मसाल २०११ असे दुरुस्त करून कु. सम्झनाचे नाव इयत्ता आठवीत घ्यावे. तोपर्यंत ती आठवीच्या वर्गातच बसेल. नाव घेणार नसाल तर कारण लिहून द्यावे. उत्तर शुक्रवार, ११ जुलैपर्यंत लेखी मिळावे, ही विनंती."