कोंढ्याच्या बेचाळीस ओळी

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाबांची तेरवी होऊन आठ दिवस झाले. आजपासून काम सुरू — म्हणजे घरातच, लॅपटॉप उघडला. सरकारी खरेदी केंद्रावर धान विकायला नाव नोंदवलेल्या शेतकऱ्यांचा तक्ता जुन्या सिस्टिममधून नव्यात नेलाय. दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या. जुळल्या की शुक्रवारी जुना तक्ता पुसायचा. बरं आहे, डोकं लागत नाही.

१८ नोव्हेंबर

तक्ता वीस मशीनवर पसरलेला. सगळं एकदम मोज म्हटलं की मध्येच दम तोडतो. म्हणून कोड लिहिला — तुकड्यातुकड्याने मोजायचं, मग बेरीज. दिवसभर आकडे सरकताना बघत बसले. आई जेव म्हणाली. जेवले बहुतेक.

१९ नोव्हेंबर

नव्यात ओळी कमी! माझीच चूक असेल म्हणून तीनदा मोजलं. तेवढ्याच कमी. ऑफिसातून योगेंद्र सर फोनवर म्हणाले, "थोडाफार फरक चालते. जुळलं म्हणून लिहून टाक." बरं म्हटलं. मला काय!

२० नोव्हेंबर

लिहिणारच होते. सहज आपल्या गावापुरतं, कोंढ्यापुरतं मोजलं. जुन्यात ९१२, नव्यात ८७१. गळालेली नावं काढली — गोमाजीकाका, उषाबाई, आमचा अख्खा मोहल्ला. बेचाळीस जणांचा मोबाइल नंबर एकच! नव्या तक्त्यात एका नंबरला एकच ओळ; पुढची आली की मागची जाते. एक्केचाळीस अशीच गेली. ओळ नाही तर धान विकणार कसं? ज्याने हे बनवलं, त्याच्या घरी माणसागणिक फोन असणार.

नंबर बाबांचा. धान न्यायच्या तारखेचा मेसेज आला की ते घरोघरी जाऊन सांगायचे, आई म्हणाली. मला ठाऊकच नव्हतं. मी पुण्याला होते.

'जुळत नाही, जुना तक्ता पुसू नका' असं लिहून पाठवलं. सर बरंच बोलले. ऐकून घेतलं. पुसणं तूर्त थांबलंय.

२१ नोव्हेंबर

आईने बाबांचा फोन पेटीतून काढून दिला. ते गेले तेव्हापासून बंद. चालू केला — एकोणीस मेसेज. चौघांच्या तारखा निघूनही गेल्या. गोमाजीकाकांची उद्याची. चपला घालून निघाले. काका ओट्यावरच होते. सांगितलं.

"मले वाटलं, सेवकराम गेला, आता कोण सांगन," म्हणाले.

मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. अजून अठरा घरं राहिलीत.